ज्योतीची सावली

आमच्या घरात सध्या दोन आजारी आहेत. एक भाजलेली आणि एक न भाजलेला. भाजलेली माझी नणंद. ती शहाण्यासारखी वागते. गोळ्या वेळेवर घेते, हात उशीवर उंच ठेवते, पट्टी बदलताना दातावर दात धरून बसते आणि वर मलाच म्हणते, "वहिनी, तू जरा पड जाऊन." न भाजलेला माझा नवरा. त्याचं काय करायचं, ते डॉक्टरांनी कुठल्याच कागदावर लिहून दिलेलं नाही.

आम्ही तिघं मिळून जेवणाच्या ऑर्डरी घेतो. ऑफिसातल्या पार्ट्या, वाढदिवस, निरोपसमारंभ. नवरा स्वयंपाक बघतो, नणंद मांडणी बघते आणि मी गिऱ्हाइकांशी गोड बोलते, म्हणजे भांडते. त्या दिवशी एका ऑफिसच्या गच्चीवर दुपारचं जेवण होतं. अन्न गरम राहावं म्हणून भांड्यांखाली आम्ही स्पिरिटचे छोटे दिवे ठेवतो. सूप गार व्हायला लागलं, तसा नवऱ्याने चिमट्याने दिवा बाहेर ओढला, टेबलाच्या कडेला उन्हात ठेवला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "विझलाय. ओत."

नणंदेने स्पिरिटचा डबा उचलला आणि ओतलं. दिवा विझलेला नव्हता. ज्योत धारेवरून सरसर वर चढली, डब्यात भडका उडाला आणि तिची उजवी बाही कोपरापर्यंत पेटली. ओला टॉवेल टाकून विझवलं ते नवऱ्यानेच. पण हे त्याला कोणी सांगून पटत नाही. त्याच्या डोक्यात दोनच शब्द राहिलेत, विझलाय आणि ओत.

तेव्हापासून तो शेगडीजवळ गेलेला नाही. ऑर्डरी बंद. बहिणीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. तिच्या दुधाचा पेला उंबऱ्यात ठेवतो आणि मान खाली घालून परत फिरतो. मी म्हटलं, अरे, ती काय मांजर आहे?

नणंद एकदा पट्टी बांधून झाल्यावर म्हणाली, "हाताचं सोसेन गं मी. पण दादा माझ्याकडे बघतच नाही. ते नाही सोसत." आणि पुन्हा तो मोठ्या माणसासारखा समजूतदार चेहरा. खरं सांगते, मला दोघांचाही कंटाळा आला होता. तिला भरवायचं, त्याला हाका मारायच्या, फोनवर गिऱ्हाइकांना नाही म्हणायचं. भांडी घासता घासता माझे डोळे मिटायचे.

मग एक दिवस दवाखान्यात पट्टी सोडता सोडता तिथल्या सिस्टरने विचारलं, "कशाने भाजलं? स्पिरिट? दिवसा?" मी हो म्हटलं. "उन्हात दिसत नाही हो ती ज्योत," ती म्हणाली. "फिकी निळी असते. विझला समजून ओततात आणि इथे येतात. तुम्ही काही पहिले नाही."

मी घरी येऊन नवऱ्याला शब्द न् शब्द सांगितला. पालथ्या घड्यावर पाणी. "मी वाकून बघितलं होतं," एवढंच म्हणाला. मग मात्र माझं डोकं फिरलं. ठीक आहे, म्हटलं, दाखवतेच तुला.

सकाळी आमच्या मागच्या अंगणात तिरपं ऊन येतं आणि समोरच शेजाऱ्यांची पांढरी भिंत आहे. मी अंगणात स्टूल मांडलं, त्यावर तसलाच दिवा ठेवला. नणंदेला खुर्ची देऊन दाराच्या आत सावलीत बसवलं, आणि नवऱ्याला दंडाला धरून ओढत आणलं. काडी लावली.

"बघ. दिसते का ज्योत?"

नव्हती दिसत. मी स्वतः पेटवलेली, तरी मला शंका आली. कागदाचा तुकडा वर धरला तर तो काळा पडला, गुंडाळला गेला आणि भुर्रकन पेटला. "बघितलंस? आता हातच्या कांकणाला आरसा कशाला? तू काय, तुझ्या जागी कोणीही असता तरी विझलाय असंच म्हणाला असता." मला वाटलं, संपलं एकदाचं. आता हा चहा मागेल आणि मला झोपता येईल.

पण तो दिव्याकडे बघतच नव्हता. भिंतीकडे बघत होता.

भिंतीवर स्टुलाची सावली पडली होती. तिच्यावर दिव्याची. आणि दिव्याच्या सावलीच्या वर काहीतरी थरथरत होतं. पाण्याचा पेला उन्हातून नेताना जमिनीवर हलतं ना, तसं. फिकट, पण होतं.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"कुठे काय?" मी म्हटलं. मला दिसलं होतं.

"सावली आहे."

तो आत गेला, मेणबत्ती घेऊन आला. इतक्या दिवसांत एवढ्या चपळाईने तो कशालाही उठला नव्हता. मेणबत्ती लावून दिव्याशेजारी धरली. तिच्या ज्योतीचीही सावली पडली, जरा मळकट.

दाराआडून नणंद बोलली. आमच्या धंद्यात येण्याआधी ती शाळेत शास्त्र शिकवायची. "मेणबत्तीच्या ज्योतीत काजळीचे कण असतात दादा, ते ऊन अडवतात. स्पिरिटमध्ये काजळी नाही. पण तापलेली हवा उन्हाला वाकवते. वाकलेलं ऊन भलतीकडेच जाऊन पडतं, म्हणून भिंतीवर कुठे उजळ, कुठे काळपट असं हलतं."

तो तिच्याकडे पाठ करूनच ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "म्हणजे ज्योत दिसली नाही तरी सावली दिसते."

त्याने फुंकर मारून मेणबत्ती विझवली.

"मी चुकीच्या जागी बघत होतो. खाली टेबलावर बघितलं असतं तर कळलं असतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्याला सोडवायला आणलं होतं आणि माझ्याच हाताने आणखी अडकवून ठेवलं. मी दिव्यावर झाकण आपटलं. भिंतीवरचं थरथरणं थांबलं, पण आता त्याचा काय उपयोग?

तो आत जायला निघाला. दारातून जायचं तर तिच्या खुर्चीला लागूनच जावं लागणार होतं. तो अंग चोरून जाऊ लागला, तशी ती म्हणाली, "दादा, थांब. मला दिसली होती."

"काय?"

"ही सावली. त्या दिवशी. टेबलाच्या कापडावर हलत होती. मला वाटलं सूपच्या वाफेची असेल, म्हणून ओतलं. तू म्हणालास म्हणून नाही ओतलं."

त्या दिवशी टेबलावर काळं कापड होतं. ऑफिसवाल्यांनी हट्टाने मागितलेलं, काळं कुळकुळीत. गच्चीवर वारा होता म्हणून नवऱ्यानेच त्याच्या चारी कोपऱ्यांना चिमटे लावले होते. त्या कापडावर असली पुसट सावली कोणाच्या बापाला दिसली नसती. त्याला नाही आणि तिलाही नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्याचा चेहरा बघितला आणि कळलं, त्यालाही कापड आठवलंय. मी तोंड मिटलं.

ती मान ताठ ठेवून त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलून अडून बसलेलं पोर बसतं तशी.

मग त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि एकदम ओरडला. "दिसली होती तर ओतलंस कशाला, मूर्ख? तोंड नाही तुला? दादा थांब, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं म्हणे! अक्कल गहाण टाकली होती का?" आवाज चढत गेला आणि मधेच फुटला. तो उंबऱ्यावर बसला, तिच्या पायाशी. मला त्याचा राग आला. हात तिचा जळाला आणि चुकलंही तिनेच म्हणायचं? आणि त्याच वेळी एकदम हलकंही वाटलं. मी स्टुलावरचा दिवा खाली ठेवला आणि तिथेच बसले.

त्याने तिचं कोपर अलगद तळहातावर घेतलं. "दुखतं का खूप?"

"हो रे दादा," ती म्हणाली, आणि हुंदके देऊन रडायला लागली. "खूप दुखतं."

मी रोज हेच विचारायचे, आणि मला ती रोज नाही म्हणत आली होती.