मूळपेशीवाल्याची परात

रंगाच्या दुकानावरच्या सभागृहात साठ-सत्तर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. जिन्यावर चपलांचा खच. पुढे टेबलावर पांढरी परात, परातीत नितळ पाणी, आणि मागे पांढऱ्या कोटातला मूळपेशीवाला. डॉक्टर नव्हताच तो. कोटाला इस्त्री मात्र कडक.

एका बाईच्या पोटावर घटकाभर ठेवलेली पिवळ्या लेपाची पट्टी त्यानं चिमटीत उचलून परातीत सोडली. बघता बघता पट्टी लालभडक झाली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"गोळ्यांनी तुमच्या गर्भाशयाच्या अस्तरातल्या मूळपेशी जाळल्या, भगिनींनो. हे त्या जळक्या पेशींचं रक्त. माझा लेप ते ओढून काढतो. सात लेप घ्या, आणि तोवर डॉक्टरचं तोंड बघू नका."

शब्द असे की कळू नयेत, आणि कळले नाहीत म्हणून ऐकणारीलाच लाज वाटावी.

मावशीही मोठ्या सुनेकडून कानावर आलेल्या त्याच शब्दांना भुलली होती. इस्पितळाच्या धुलाईखान्याची ती मुकादम. तिच्या शब्दाबाहेर तिथे कोणी नाही आणि घरातही नाही. धाकट्या सुनेच्या अंगावरून फार जायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला मूल न होण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. दीड वर्ष छान चाललं. पण मावशीच्या डोक्यात कोणीतरी भरवलं, गोळ्यांनी पोट वाळतं. तिनं गोळ्या केरात टाकल्या आणि सुनेला मोठ्या जावेबरोबर चार लेपांना धाडलं. आता बारा दिवस रक्त थांबत नव्हतं. सुनेचे ओठ पांढरे पडले होते. दवाखान्यात जाऊ का, असं तिनं सकाळी विचारलं, तर मावशीनं झापलं, अजून तीन लेप बाकी आहेत. मोठी जाऊ आज कामावर गेली, म्हणून मावशी स्वतः आली. जिन्यात सून दोनदा खाली बसली.

सुनेची पट्टी परातीत पडली. लाल झाली. विष सुटतंय, जातंय तेवढं जाऊ दे, असं मूळपेशीवाला म्हणाला.

मावशी बघत राहिली. बावीस वर्षं रक्ताच्या चादरी धुतलेली बाई ती. ताजं रक्त गार पाण्यात धुरासारखं सुटतं, पाणी तांबूस करतं. इथे पाणी होतं तसंच आणि कापड तेवढं लाल. हा लाल तिच्या ओळखीचा होता. नवी पोरगी कामावर आली की हळदीच्या डागावर सोडा ओतते, डाग असाच पेटतो, आणि पोरगी मावशीच्या शिव्या खाते.

ती उठली. परातीत बोट बुडवून चोळलं, पाणी सोड्याच्या पाण्यासारखं बुळबुळीत. लेपाचं भांडं हुंगलं, अत्तराखाली हळद. मग तिनं बोटभर लेप मूळपेशीवाल्याच्या पांढऱ्या बाहीला पुसला आणि वर परातीतलं पाणी शिंपडलं.

बाही लाल झाली.

"अगं बाई, याच्याही गर्भाशयात विष आहे की," मावशी म्हणाली. "किती वर्षं घेत होतास रे गोळ्या?"

मागे कोणी तरी फिसकन हसलं. माझी शक्ती बाहीत उतरली, असं तो काहीतरी बडबडला. तोवर चार जणींनी रुमालावर लेप फासून परातीत बुडवले होते. तो मागच्या जिन्यानं कधी सटकला ते बघायला मावशी थांबली नाही. सुनेला दंडाला धरून तिनं इस्पितळ गाठलं.

सलाइन लागलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मूळपेशी असतात हे खरं. अस्तराचा वरचा थर दर महिन्याला गळतो आणि तळातून नवा येतो, तो त्यांच्या जोरावर. गोळ्यांनी थर पातळ राहतो, म्हणून रक्त कमी जातं. मूळपेशींवर गोळ्यांचा नेमका काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे. सगळं कळलंय असं मी म्हणणार नाही. पण गोळ्या थांबवल्यावर बहुतेक जणींचं अस्तर पूर्वीसारखं होतं, दिवसही राहतात. काहींना गोळी चालत नाही, म्हणून तर विचारून घ्यायची आणि विचारूनच सोडायची.

"बारा दिवस कशाची वाट बघत होता?" त्यांनी विचारलं.

मावशीला असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. तिनं खाटेवरच्या सुनेकडे पाहिलं.

"माझा तोरा आडवा आला," ती म्हणाली. "हिची चूक नाही."

दुसऱ्या दिवशी धुलाईखान्यात तिनं यंत्रं बंद करायला लावली आणि सगळ्यांना समोर बसवलं.

"ज्या बाईचं रक्त थांबत नाही, तिनं दवाखाना गाठायचा. शब्द कळला नाही तर दोनदा विचारायचा, आणि विचारलं म्हणून जो चिडेल त्याच्यापुढून उठायचं. सासू आडवी आली तर तिला बाजूला सारून जायचं. हे मी सासू असून सांगतेय."