पोशीरच्या पदूचे गुण

“नाव वाल्मिक दळवीचं आहे, अप्पा. आणि खाली सही तुमची आहे,” नाना म्हणाला आणि माझीच वही त्याने माझ्या पुढ्यात सरकवली.

नाना आमच्या कबड्डी मंडळाचा चिटणीस. मंडळाला चौऱ्याऐंशी साली पंचवीस वर्षं होत होती, म्हणून कर्जतच्या मैदानावर समारंभ ठरला होता. पंचवीस वर्षांतल्या सर्वोत्तम चढाईपटूला शाल, मानपत्र आणि स्मरणिकेत पानभर फोटो. निवड करायची ती गुणलेखकाच्या वह्यांवरून, म्हणजे माझ्या. शाळेत भूगोल शिकवून उरलेल्या वेळात बावीस वर्षं मी सामन्यांचे गुण लिहीत आलो. समारंभात मलाही एक पदक मिळणार होतं. त्यावर ‘निष्कलंक गुणलेखक’ अशी अक्षरं कोरून झालीसुद्धा होती.

“नाना, हे गुण दळवीचे नाहीत. पोशीरच्या पदू ठोंबरेचे आहेत. तुला माहीत आहे, मला माहीत आहे.”

“माहीत असून काय करू? स्मरणिका छापून झाली. दळवी चार पाहुणे घेऊन येतोय. आता तुम्हीच म्हणणार का, की मी खोटं लिहिलं?”

मी वही उचलून निघालो. घरी येईपर्यंत मात्र डोकं तापलं होतं, आणि खरं सांगायचं तर नानापेक्षा स्वतःवरच जास्त.

झालं होतं ते असं. खालापूरच्या बाजूला पत्र्याचे डबे बनवणारा एक लहानसा कारखाना होता. कामगारांच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा त्यांनीही संघ उभा केला, पण चढाई करणारा धड गडी त्यांच्याकडे नव्हता. एकसष्ट साली कशेळ्याला कापणी झालेल्या खाचरात सामने होते. तिथे कारखान्याच्या साहेबाने पदूला पाहिलं. बावीस वर्षांचा, सडसडीत, पायात काही नाही. त्याने एका चढाईत तीन गडी मारले आणि उरलेल्यांच्या अंगावरून उडी मारून परत आला. साहेबाने तिथल्या तिथे त्याला सांगितलं, “पुढच्या भरतीत तुला घेतो. तोवर आमच्याकडून खेळ.”

पण स्पर्धा फक्त कामगारांची होती. मग तोड निघाली. संघात वाल्मिक दळवी नावाचा राखीव गडी होता. पदूने त्याच्या नावावर खेळायचं. त्या काळी अशी उसनी माणसं खेळवणं कुणाला फारसं वाईट वाटत नसे. साहेब माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, “मास्तर, दळवी लिहा.” त्याच वर्षी कारखान्याने आमच्या शाळेला नकाशे ठेवायला मोठे पत्र्याचे डबे दिले होते. हेडमास्तरांनी मला आधीच बजावलं होतं की साहेबाला दुखवू नका. मी दळवी लिहिलं.

पुढची सात वर्षं मी दळवीच लिहीत राहिलो. एक्केचाळीस सामने आणि अकरा ढाली. पेणच्या सामन्यात एकट्याचे सोळा गुण. अलिबागला एका चढाईत पाच गडी! तसली चढाई मी पुन्हा पाहिली नाही. आणि नुसते गुण सांगून पदू कळत नाही. चढाईला निघण्याआधी तो आपल्या सहा जणांवर एकदा नजर टाकायचा आणि कुणी कुठे उभं राहायचं ते हनुवटीने सांगायचा. सगळा संघ त्याच्या हनुवटीवर हलायचा. कप्तान कागदावर दुसराच होता.

लोक ओरडायचे ते मात्र “पदू! पदू!” असं. पंचांना ऐकू येत होतं, साहेबाला येत होतं, मला येत होतं. सगळं मैदान ज्याचं नाव घेत होतं, त्याचं नाव मी एकट्याने लिहिलं नाही. याला काय म्हणायचं?

भरती दर वर्षी ‘पुढच्या वर्षी’ होती. अडुसष्ट साली सरावात पदूचा गुडघा निखळला. कारखान्याच्या दवाखान्यात फक्त कामगाराला औषध मिळे, म्हणून तिथेही केसपेपरवर वाल्मिक दळवी. गुडघा पदूचा आणि दीड महिन्याची भरपगारी रजा वाल्मिकने घरी बसून काढली. गुडघा नीट झाला नाही तेव्हा साहेबाने पदूला ओळख देणं बंद केलं. वाल्मिक मात्र त्या ढालींच्या जोरावर पुढे सुपरवायझर झाला.

समारंभ रविवारी सकाळी झाला. मांडव, खुर्च्या, बँड, सगळं होतं. पदूला बोलावणंच नव्हतं. वाल्मिक सफारी घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याची कारकीर्द वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या दिवशी मला वाटलं होतं, आजारी पडावं. घरातून निघताना द्वारका, माझी बायको, एवढंच म्हणाली, “आज तरी खरं वाचा.” तिला मी सगळं कधीच सांगितलं नव्हतं. पण तीही त्या सामन्यांना येत होती ना.

मी वही उघडली. “एकोणीसशे त्रेसष्ट, पेण, उपांत्य सामना. सोळा गुण. खेळाडू पदू ठोंबरे, राहणार पोशीर.” पुढच्या रांगा हलल्या. मी थांबलो नाही. “वहीत दळवी लिहिलंय. ते मी लिहिलंय, आणि खोटं लिहिलंय. चौसष्ट, अलिबाग, एका चढाईत पाच गडी. खेळाडू पदू ठोंबरे—”

माझा आवाज एकदम बारीक झाला. माइक बंद केला होता. नाना धावत आला, त्याने माइक हातात घेतला, तो लगेच सुरू झाला, आणि नाना हसत म्हणाला, “अप्पांना ऊन लागलेलं दिसतंय. वयही झालंय. टाळ्या होऊ द्या त्यांच्यासाठी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या! माझ्या खरेपणाला नाही, माझ्या म्हातारपणाला. मागून कशेळ्याचा एक पागोटंवाला उभा राहून ओरडला, “खोटं नाय बोलत मास्तर! पदूच हुता त्यो! आमी बघितलाय!” दोन स्वयंसेवकांनी त्याला खाली बसवलं. बँड सुरू झाला. शाल वाल्मिकच्या खांद्यावर गेली. माझ्या पदकाचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

फाटकापाशी वाल्मिकने मला गाठलं. शाल घडी करून काखेत धरली होती.

“मास्तर, आता कशाला ह्ये? पदू कदी काय बोलला का तुमाला?”

“नाही बोलला. म्हणूनच.”

“आन मी तरी काय केलं? सायबानं सांगितलं, तुमी लिवलं. मला कुनी इचारलं का?” त्याचा चेहरा पडला होता. “मी काय बोलनार तवा? नवा हुतो कामावर.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर मला जास्तच संताप आला. मी फाटकाबाहेर चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी वह्यांचा डबा घेऊन मी पोशीरला गेलो. डबा तोच, नकाशांचा. भात निघाल्यावर पदूने शेतात वाल लावला होता, आणि तो शेंगा तोडत होता. एक पाय आखडून, वाकून. मला बघून तो बांधावर आला. शकू, त्याची बायको, टोपली घेऊन मागोमाग आली.

मी कालचं सगळं सांगितलं. पदू ऐकून घेत होता. बोलली ती शकू.

“त्याला शाल दिली म्हना! आन हितं रोज सांजच्याला गुडग्याला त्याल मी चोळते. मास्तर, तुमाला लिवता येत हुतं ना? मग खरं लिवायला काय झालं हुतं तुमाला?”

“शके, गप गं,” पदू म्हणाला.

“का गप? बावीस वर्सं गपच हाय की!”

“तिला बोलू दे, पदू,” मी म्हणालो. “ती बोलते ते बरोबर आहे. माझं चुकलं. मंडळ काही करणार नाही, स्मरणिका वाटून झाली. पण वह्या माझ्या आहेत. मी आणल्यात.”

खिशातून लाल शाईचं पेन काढून मी पहिली वही मांडीवर घेतली. सामना वाचायचा, दळवीच्या नावावर रेघ मारायची, वर ठोंबरे लिहायचं आणि शेजारी आजच्या तारखेची सही करायची. पदू आधी म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मास्तर, कुनी बघनार हाय आता?” पण मी कशेळे वाचलं तसा तो जवळ सरकला. मग गावाचं नाव ऐकलं की तोच पुढे सांगायला लागला. पेणला मैदान ओलं होतं. महाडच्या गड्याने घोटा धरला होता, आणि पदू तसाच त्याला ओढत रेषेपर्यंत आला होता. अलिबागचे पाच कोण कोण, ते त्याने नावानिशी सांगितले. हनुवटी हलत होती. शकू टोपली खाली ठेवून ऐकत बसली. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं.

ऊन वर आलं. तीस, पस्तीस, चाळीस नावं खोडून झाली. मी शेवटची वही उघडली.

“सदुसष्ट, रोहा. दोन गुण.” मी रेघ मारायला पेन टेकवलं.

पदूने माझं मनगट धरलं. पकड अजून तशीच होती.

“ह्ये नको, मास्तर.”

“का?”

“रोह्याला मी नव्हतो. आय गेली हुती माजी, तिचं दहावं हुतं त्या दिशी. वाल्मिक सोता खेळला.” तो वहीकडे बघत होता. “दोन गडी मारलं त्यानं. ते त्याचं हायेत.”

मी वहीकडे पाहिलं. सगळीकडे दहा, बारा, सोळा, आणि इथे दोन. लिहिणारा मी, आणि ते मलाच आठवलं नव्हतं.

“बरा खेळला म्हनं,” पदू म्हणाला, आणि माझं मनगट सोडून पाय आखडत वालाकडे गेला.

मी पेनाला टोपण लावलं. त्या ओळीवर दळवीचं नाव होतं तसंच ठेवलं.