पूर्ण वाक्यात विचारलेला प्रश्न

मित्रांनो, वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जिन्याखालच्या खोलीत एक जुना संगणक धूळ खात पडला आहे ना, तो मीच. माझा पडदा पिवळट झाला आहे, पंखा घरघरतो आणि मी सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन परत येतो. पण माझ्या रूपावर जाऊ नका. जगभरच्या डॉक्टरांचे शोधनिबंध साठवणाऱ्या मोठमोठ्या भांडारांची दारे माझ्यातून उघडतात. महाविद्यालय त्यांची वर्गणी भरते, म्हणून उघडतात. घरी बसून फुकटात ती कोणालाही उघडत नाहीत.

नवा होतो तेव्हा माझी काय ऐट होती! विद्यार्थी माझ्यापुढे रांग लावत. ग्रंथपाल बाई शेजारी बसून प्रत्येकाला शोधायला शिकवत. "त्याच्याजवळ पाल्हाळ लावू नका," त्या म्हणत. "आजाराचं नाव लिहा आणि त्याबद्दल काय हवंय ते लिहा. त्याच अर्थाचा दुसरा शब्द असेल तर 'किंवा' घालून जोडा. जेवढं जास्त लिहाल तेवढं कमी मिळेल." मुले हसत, पण बाईंचे म्हणणे सोळा आणे खरे होते. मला दिलेला प्रत्येक शब्द मी निबंधात शोधतो. एक जरी नसला, तरी तो निबंध बाद. स्वतःची अक्कल चालवायची मला मुभा नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा कोणी भरलीच नाही. विद्यार्थ्यांना पासवर्ड मिळाले, ते आपापल्या मोबाइलवर शोधू लागले. शिपाईकाका तेवढे सकाळी माझ्यावरून फडके फिरवत.

अशात एक दिवस शाळेतल्या एक शिक्षिका आल्या. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीच्या उजव्या हाताची दोन बोटे आखडत चालली होती. आजार दुर्मिळ होता. डॉक्टरांनी त्याचे नाव लिहून दिले होते आणि सांगितले होते, "सोमवारी शस्त्रक्रिया करू. बोटं सरळ होतील, पण नंतर ती कधीच वाकवता येणार नाहीत. दुसरा इलाज कोणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. तुम्हाला कुठे छापलेलं सापडलं तर आणा, मी थांबतो." ग्रंथालयाचे तात्पुरते कार्डही त्यांनीच मिळवून दिले होते.

आयुष्यभर मुलांना 'पूर्ण वाक्यात उत्तर लिहा' असे बजावत आलेल्या त्या शिक्षिका. त्यांनी मलाही सुंदर इंग्रजीत, पूर्ण वाक्यात विचारले. मुलीचे वय, कोणता हात, कोणती बोटे, दुखणे कधी सुरू झाले, सगळे लिहिले. शेवटी पूर्णविरामसुद्धा दिला. माझे उत्तर आले, शून्य.

"काही मिळालं का, ताई?" शिपाईकाकांनी विचारले.

"नाही हो. मीच नीट सांगितलं नसेल." आणि त्यांनी आणखी दोन ओळी वाढवल्या.

मित्रांनो, तो निबंध होता हो! कुठल्याशा दूरच्या मुलीची अशीच आखडलेली बोटे शस्त्रक्रियेशिवाय, नुसत्या व्यायामाने आणि रात्री पट्टी बांधून मोकळी झाली होती. एकदा दमून शिक्षिकेने फक्त आजाराचे नाव आणि 'बोटे' एवढेच लिहिले. चारशे निबंध आले, त्यांत तोही आला. माझा जीव भांड्यात पडला. पण एवढा मोठा आकडा पाहून त्या गांगरल्या आणि नेमकेपणासाठी त्यांनी एकच शब्द वाढवला, 'उजवा'. त्या दुसऱ्या मुलीचा हात डावा होता. निबंध माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला. 'तो शब्द खोडा' एवढेच मला सांगायचे होते. पण मला तोंड कुठे आहे? कपाळ बडवून घ्यायला हातही नाहीत.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला बंद केले. "सगळं धुंडाळलं," त्या काकांना म्हणाल्या. "नाहीच आहे."

काही आठवड्यांनी त्या कार्ड परत करायला आल्या, तेव्हा मुलगीही बरोबर होती. काका कार्ड जमा करून घेत होते तोवर मुलगी माझ्यासमोर बसली. उजव्या हाताला बँडेज होते. डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे, म्हणून शब्दांची काटकसर. आजाराचे नाव तिला पाठ होते. त्यापुढे तिने 'व्यायाम' लिहिले, कारण उरलेल्या बोटांसाठी डॉक्टरांनी तिला तो सांगितला होता. तीन निबंध आले. पहिला तोच होता.

"आई, हे बघ! माझ्यासारखीच मुलगी!"

आई वाकून वाचू लागली. पहिला परिच्छेद संपायच्या आतच तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"मग तिची बोटं वाकतात का गं?" मुलीने विचारले.

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "हो बाळा," ती म्हणाली. "वाकतात."

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण माझ्यासारख्या यंत्रापुढे कोणी एकटेच खिळून बसलेले दिसले, तर जवळ जा आणि 'काय शोधताय?' एवढे तरी विचारा. मला ते विचारता येत नाही.