लाल बाणाखाली

आपला संघ हरला की घरात, कचेरीत, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर पहिला हात कुणावर टाकला जातो? पंचावर. खेळाडूने मोकळा गोल सोडून चेंडू आभाळात मारला, तर तो बिचारा, त्याचं नशीब फुटकं. पंचाचं निशाण मात्र चुकीच्या वेळी हललं, किंवा हललं नाही, की तो आंधळा, विकला गेलेला, कुणाचा तरी भाचा. आणि हे आपण ठरवतो कशावरून? सकाळच्या पेपरावरून. पेपरात लिहितं कोण? तोफ लिहितो.

तोफ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. क्रीडापानावरच्या त्याच्या सदरामुळे ते पडलं, आणि पडलं ते त्याला इतकं आवडलं की फोनवरसुद्धा तो "तोफ बोलतोय" असंच सांगायचा. तो लिहायला लागला की समोरचा आडवा झालाच पाहिजे. वाचकांना ते आवडायचं. मालकांना तर फारच.

त्या सोमवारी सदर पेटलं होतं. रविवारी भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, शहर चषकाचा उपांत्य सामना झाला. निळे विरुद्ध पिवळे. निळ्यांचा फटका गोलच्या आडव्या दांडीला आतून लागला, चेंडू खाली आला, आणि गोलरक्षकाने झेप घेऊन तो बाहेर ओढला. गोल झाला की नाही? कडेने धावणाऱ्या रेषापंच बाई गोलरेषेपाशी उभ्या होत्या. त्यांनी निशाण खालीच ठेवलं. गोल नाही. निळे हरले.

तोफने लिहिलं, "बाईंना रेषा दिसत नसेल तर त्यांनी शाळेत जाऊन फळ्यावर रेघोट्या ओढाव्यात." बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, म्हणून हे वाक्य त्याला फार चुरचुरीत वाटलं. शेवटी आणखी एक वाक्य टाकलं, "ही पट्टी डोळ्यांवर कुणी बांधली आणि कितीला, हेही कधीतरी शोधायला हवं." पुरावा? पुरावा म्हणून चार कॉलमांचा फोटो. रेषेच्या चांगला वीतभर पलीकडे चेंडू, त्याच्याभोवती लाल वर्तुळ, आणि खालून वर चेंडूकडे जाणारा जाडजूड लाल बाण.

दिवसभर फोन खणखणले. शाबासकी, शाबासकी, शाबासकी.

मंगळवारी तोफची सुट्टी. दुपारी तो बाहेरच्या खोलीत दिवाणावर आडवा झाला. खिडकीचा पडदा हलकेच फुगत होता, बसत होता. कुठूनतरी शिलाई मशीन चालल्याचा आवाज येत होता, मग तोही लांब गेला.

तो मैदानावर होता. गवत दुधासारखं पांढरं, आणि गोलचे खांब इतके उंच की वरची दांडी ढगात गेलेली. मैदानभर माणसं उभी होती, ओळखीची, अनोळखी. प्रत्येकाभोवती लाल वर्तुळ. दूधवाला वर्तुळात, शेजारचे काका वर्तुळात, त्याची स्वतःची आई वर्तुळात उभी राहून कुणाची तरी वाट बघत होती. कुणी बोलत नव्हतं. आणि मधोमध, हवेत, चेंडू टांगलेला. वर जात नव्हता, खाली येत नव्हता. तोफ त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. पायाशी बघितलं. स्वतःची सावली दिसली. चेंडूची नव्हती. त्याने गवत हातांनी सारून शोधली, जशी पडलेली चावी शोधावी. कुठेच नव्हती. चेंडू आहे आणि त्याला सावली नाही, हे कसं? विचारायला त्याने तोंड उघडलं, तर सगळ्या माणसांनी एकदम त्याच्याकडे बोट केलं.

तो दचकून उठला. समोर बायको. नुकतीच कामावरून आलेली, हातात चहाचा कप, मांडीवर कालचा पेपर. ती दवाखान्यात एक्स-रे काढायची.

"काय रे, झोपेत कुणाला शोधत होतास? चादर पार खाली ओढलीस."

"काही नाही. चेंडूला सावली नव्हती."

"तेच मी बघतेय मघापासून," ती पेपरावर टिचकी मारत म्हणाली. "भर दुपारचा सामना, सगळ्या खेळाडूंच्या पायाशी सावल्या आहेत. चेंडूची गेली कुठे?"

तोफ हसला. "आता तू क्रीडापान चालव."

"चालवेन. तुझ्यापेक्षा बरं चालवेन. मला सांग, चेंडू तेव्हा जमिनीवर होता की हवेत?"

"त्याने काय फरक पडतो? फोटोत ढळढळीत दिसतोय रेषेच्या पलीकडे."

तिने पेपर टेबलावर पसरला, रिकामा कप हातात घेतला आणि मधल्या घडीवर थोडा उंच धरला.

"उठू नकोस. बसल्या जागेवरून सांग. कप घडीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे. वरच्या निम्म्या पानावर."

तिने कप सरळ खाली आणला. तो बरोबर घडीवर टेकला.

पडदा फुगला, बसला.

"रोज माणसं येतात माझ्याकडे," ती म्हणाली. "हात सुजलेला, पाय वाकडा. एका बाजूने फोटो काढला की हाड धडधाकट दिसतं, दुसऱ्या बाजूने काढला की तुटलेलं. उलटंही होतं. म्हणून आम्ही दोन बाजूंनी काढल्याशिवाय डॉक्टरांपुढे ठेवत नाही. आणि ते हाडच असतं फक्त. तू एका फोटोवर एका बाईची अब्रू मोडलीस."

"म्हणजे पंचांवर लिहायचंच नाही? त्यांना काय शेंदूर फासून बसवायचं?"

"झोड की. चुकले तर चांगलं झोड. पण आधी चुकले का ते तरी बघ. आणि ते 'कितीला' वाक्य? ते कुठल्या फोटोत दिसलं तुला?"

ज्याच्याकडे उत्तर नसतं तो चप्पल घालून बाहेर पडतो. तोफही पडला, पण निदान कचेरीच्या दिशेने.

फोटोच्या टेबलावर लाल्या बसला होता. वर्तुळं आणि बाण काढून काढून त्याचं नाव लाल्या पडलेलं. वादाचा फोटो आला की वर्तुळ नि बाण काढायचाच, ही त्या कचेरीची रीत. का, ते कुणी विचारत नसे.

"बाणाशिवायचा मूळ फोटो दाखव."

लाल्याने पडद्यावर फोटो उघडला. कॅमेरा गोलसमोरच्या गॅलरीत, उंचावर. चेंडू हवेत, गोलरक्षकाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आणि त्याच्या खाली, बरोबर जिथे बाणाची शेपटी होती तिथे, छोटी गोल काळी सावली. अर्धीअधिक पांढऱ्या रेषेवर बसलेली. पूर्ण चेंडू पूर्ण रेषा ओलांडल्याशिवाय गोल नाही, हा नियम तोफला शाळेपासून पाठ होता. हा गोल नव्हता. बाई बरोबर होत्या.

"ही सावली तू झाकलीस?"

"दादा, मी कशाला झाकू?" लाल्या चिडला. "मी बाण बारीक काढला होता, बाजूने. तुम्हीच म्हणालात, खालून काढ, जाड काढ, वाचकाला लांबून दिसला पाहिजे."

खरं होतं. त्यानेच सांगितलं होतं. खोटं बोलायची इच्छा कुणाचीच नव्हती, वाचकहो, आणि तरी खोटं छापून झालं होतं. अशीच छापली जातात बहुतेक खोटी. घाईत, सवयीने, ठसठशीत दिसावं म्हणून.

तेवढ्यात लाल्याने उद्याच्या पानावरची बातमी दाखवली. रेषापंच बाईंना अंतिम सामन्यातून वगळायचं की काय, हे ठरवायला पंच मंडळाची उद्या संध्याकाळी बैठक होती.

बुधवारी सकाळी धुकं होतं. बाईंचा पत्ता विचारत तोफ एका लांबट गल्लीत शिरला, तेव्हा घरं अर्धीच दिसत होती, जणू कुणी खालून पुसून टाकली होती. पुढून खराट्याचा आवाज येत होता. एका फाटकासमोर एक बाई बादलीतलं पाणी ओतून रस्ता घासत होत्या. रस्त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा होत्या. फाटकापासून पलीकडच्या भिंतीपर्यंत, एकापुढे एक. शेवटच्या रेषेशी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "ही तरी दिसते का?"

"रोज काढतात का?" तोफने विचारलं.

"काल काढल्या, आज काढल्या. चुना त्यांचा, पाणी माझं." त्यांनी मान वर केली. "तुम्ही तोफ. सदरावर फोटो असतो तुमचा. त्यात जरा बरे दिसता."

"मी चुकलो," तो म्हणाला, आणि मूळ फोटोचा छापलेला कागद पुढे केला.

बाईंनी ओले हात पदराला पुसले, कागद घेतला, पाहिला, परत दिला. चेहऱ्यावर आनंद नाही, काही नाही.

"हे मला काय दाखवता? मी तिथेच उभी होते."

तोफने कागदाची घडी घातली.

"आणि एक सांगू? त्या सामन्यात माझी चूक झाली होती. उत्तरार्धात. पिवळ्यांच्या बचावपटूच्या बुटाला लागून चेंडू बाहेर गेला. निळ्यांना कॉर्नर मिळायला हवा होता, मी गोलकिक दिली. मला उन्हात नीट दिसलं नाही आणि कळलं तोवर उशीर झाला होता. मी घरी येऊन जेवले नाही त्या दिवशी. त्यावर एक ओळ नाही तुमची! चुकले तिथे तुम्ही झोपलेले, आणि बरोबर होते तिथे मला फासावर चढवलंत."

"मी खुलासा लिहितो."

"लिहा. पण मला देवी करू नका. माझी कॉर्नरची चूकही लिहा. नाहीतर लोक म्हणतील, बाईने रडून लिहवून घेतलं." त्यांनी खराटा उचलला. "आणि ते पैशांचं. ते मात्र मोठ्या अक्षरात मागे घ्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने काल मला विचारलं, बाई, खरंच का हो? मला तिला उत्तर देता आलं नाही. 'नाही' म्हणणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं."

तोफने दुसरी बादली उचलली. बाई म्हणाल्या, "ठेवा ती. तुम्ही तुमची रेघ पुसा, जा."

दुपारी संपादकांच्या खोलीत वादावादी झाली.

"खुलासा छापू ना," संपादक म्हणाले. "आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. दोन ओळी."

"आरोप कुठे छापला होता?"

"अरे, आरोप लोक वाचतात. खुलासा कोण वाचतो?"

"हवामानाखाली छापला तर कोण वाचणार? चार कॉलम आरोप, तर चार कॉलम खुलासा. तिथेच, तेवढाच. आणि आज संध्याकाळी मंडळाची बैठक आहे, आत्ताच फोन करून कळवू."

"तुला पेपरचं नाक कापायचंय?"

"कापलं आहे मी ते सोमवारीच. आता पट्टी बांधायचीय. नाहीतर उद्या सदराची जागा कोरी सोडा, मी दुसरं अक्षर लिहिणार नाही."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. कोर्टाचा विचार त्यांच्या मनात आला असेल, किंवा खरोखरच लाज वाटली असेल. आपण चांगलं ते धरू. त्यांनी मान हलवली. तोफने मंडळाला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे म्हणाला, "छापून येऊ द्या, मग बघू. सध्या तरी आमच्यापुढे छापलेलं सोमवारचं पान आहे."

गुरुवारी खुलासा आला. चार कॉलम. बाणाशिवायचा फोटो, रेषेवर बसलेली सावली, कॉर्नरची चूक, आणि पैशांबद्दलचं वाक्य शब्द न शब्द मागे. पण बैठक बुधवारीच उरकली होती. अंतिम सामन्याला बाईंच्या जागी दुसरा रेषापंच धावला. बाईंनी तो सामना शाळेच्या मैदानावर मुलींना पळवत घालवला.

शाबासकीचे फोन आले नाहीत. आले ते वेगळेच. "तोफ, किती घेतलेस?" एकाने विचारलं. त्याचंच वाक्य, त्याच्याच दारात. तोफने फोन ठेवला. "नाही" म्हणणं खरंच अवघड होतं.

वाचकहो, पंचावर टीका करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पंचही माणूस आहे, माजतो, झोपतो, चुकतो. पण बोट दाखवण्याआधी आपण कुठून बघतोय तेवढं तपासा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. हेतूवर चिखल फेकण्याआधी त्या हेतूचा पुरावा हातात ठेवा, आणि चुकलात तर जेवढ्या मोठ्या आवाजात बोललात तेवढ्याच मोठ्या आवाजात चुकलो म्हणा. लवकर म्हणा. उशिरा आलेल्या खऱ्याने कुणाचा हुकलेला सामना परत मिळत नाही. हे जसं तोफला लागू, तसं सकाळी पेपर हातात घेऊन निकाल देणाऱ्या तुम्हाआम्हालाही लागू.

नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मंडळाने बाईंना पुन्हा बोलावलं. ढगाळ दुपार होती, मैदान पाण्याखालून पाहिल्यासारखं मऊ, हिरवं, लांब. तोफ गॅलरीत वरच्या रांगेत बसला होता. निळ्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन सुटला, सगळी गॅलरी उभी राहिली, आणि पलीकडच्या कडेला बाईंचं निशाण वर गेलं. ऑफसाइड. भोवती आरडाओरडा उसळला. शेजारच्या माणसाने तोफला ओळखलं, त्याचा दंड धरून हलवला.

"बघितलंत? बघितलंत ना? आता लिहा, तोफ. चुकली की नाही बाई? सांगा."

तोफने पलीकडच्या कडेकडे पाहिलं. निशाण अजून वर होतं, हात स्थिर होता.

"मला इथून दिसलं नाही," तो म्हणाला.