बिननावाचे चार पेपर

निवडक मुलांच्या सरकारी शाळेत नावांवर पट्ट्या चिकटवण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. प्रवेश परीक्षेचा पेपर तपासणाऱ्याला मुलाचं नाव दिसता कामा नये, म्हणून ही पट्टी. घरी मी त्याचा भारी तोरा मिरवते. साहेबाचा पोरगा असो की शिपायाचा, पट्टीखाली सगळे सारखे.

यंदा चार पेपर बिननावाचे निघाले. त्यातल्या एकावरचं अक्षर मी पाहताच ओळखलं. ते ठकीचं होतं, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं. दोन वर्षं कार्टीनं माझ्याच स्वयंपाकघरात बसून अभ्यास केलाय. नाव झाकायचंच आहे तर लिहायचं कशाला, असं तिला वाटलं असणार. शहाणपणा माझा, आला तिच्या अंगाशी.

अशा पेपरांची नोटीस तीन दिवस फाटकावर लागते. मुलानं येऊन आपला पेपर ओळखून सही करायची, नाहीतर तो बाद. दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या माझ्या बहिणीला फाटक कुठलं दिसायला? सांगावं, तर बाकी तिघांना कुठे आहे कार्यालयात मावशी? न सांगावं, तर पोरीची शाळा जाते. दोन दिवस मी मिठाची गुळणी धरून बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मोठ्या बाईंकडे गेले.

"बाई, हजेरीवरून चारही नावं निघालीत. चौघांच्या घरी फोन करूया. त्यात माझी भाची आहे, हे आधीच सांगते."

"नियमात फोन नाही."

"फोन करू नका, असंही नाही."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "भाचीला शेवटी करा," म्हणाल्या.

चौथा फोन मी अगदी कोरड्या आवाजात केला. "शाळेच्या कार्यालयातून बोलतेय."

"ताई, सर्दी झालीये का तुला?" बहीण म्हणाली.

पाचच्या आत चौघंही आली. ठकीनं सही केली आणि बाहेर येताच माझा हात धरला. मला तिचा असा काही पुळका आला, की रागवायचं राहूनच गेलं.

"मावशी, असे पेपर दरवर्षी निघतात?"

"निघतात चार-पाच."

"मग त्यांनाही तू फोन करायचीस?"

फाटकावरची नोटीस एकोणीस वर्षं मीच लावत आले होते आणि चौथ्या दिवशी मीच काढत आले होते.

"नाही गं," मी म्हणाले.