जोडीची रमी

मोबाईलवरल्या रमीला म्या रमी म्हणत न्हाय. समोर माणूस न्हाय, त्याचं पडलेलं तोंड बघायला मिळत न्हाय, त्यात काय मजा? आमच्या अणदूरच्या घरात जोडीची रमी चालते. पत्ते तेराच. पण एकाच रंगाचे गुलाम, राणी, राजा हातात आल्याबिगर डाव लागत न्हाय, अन् तिथं जोकर चालत न्हाय. डाव लागला की उखाण्यात आपल्या जोडीदाराचं नाव घ्यायचं. न्हाय घेतलं तर डाव बाद.

त्या रविवारी दुपारी मला हरायचं होतं. माझी बायको नागूबाई नऊ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आमच्या मल्हारच्या सासुरवाडीला, वाशीला, जेवायला गेलो होतो. तिथं विहीणबाईंची शेंगाची पोळी खाल्ली अन् सगळ्यांदेखत बोलून बसलो, "अशी पोळी जन्मात खाल्ली न्हाय." चाळीस वर्षं पोळ्या करून घालणारी शेजारीच बसलेली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय. तवापासून ती "भाकरी वाढलीय" हेसुद्धा भिंतीला सांगायची. घर नुसतं खायला उठायचं.

ती जिंकली की तिला माझं नाव घ्यावं लागणार, म्हंजी तोंड उघडावंच लागणार. एवढाच माझा बेत.

मल्हार अन् सून हर्षाली, दोघांनी हरलो म्हणून पत्ते पालथे टाकले. राहिलो आमी दोघं. नागूनं किलवरचा गुलाम अन् राणी उचललेली म्या बघितली होती. राजा माझ्यापाशी होता, तो टाकला. तिनं राजाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् गड्डीतलं पान उचललं. हाती आलेला डाव सोडला बाईनं. लई राग आला मला.

मग तिनं सावकाश बदामाची राणी टाकली. बदामाचा गुलाम म्या तिच्यासमोरच उचलला होता, राजा हातात होता, बाकीचा डाव लागलेला. राणी उचलायला नको होती. पण खेळणाऱ्याचा हात, डोक्याच्या आधी गेला. पत्ते मांडले अन् मग उमगलं, हिनं जाणूनबुजून दिली.

"मामा, नाव घ्या. न्हायतर डाव बाद," हर्षाली म्हणाली.

एरवी म्या एक जुनाच उखाणा घाईघाईनं म्हणून मोकळा व्हायचो. आज तो तोंडात येईना. शेवटी आलं तसं बोललो,

"विहिणीची पोळी खाऊन जीभ माझी घसरली,
नागूबाई माझ्यासंगं बोलायचं विसरली."

मल्हार खाली मान घालून हसत होता. नागूनं पत्ते गोळा केले, गड्डी नीट जुळवली अन् नऊ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली.

"ऐकू आलं न्हाय. परत म्हणा."

म्या तीनदा म्हणलं.