बत्तीस अंशांची चूक

आमच्या खात्यात चुकीला केकची शिक्षा आहे. आठवड्यात ज्याच्या हातून काही बिघडलं असेल त्यानं शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा, सगळ्यांसमोर चूक सांगायची आणि सुरी हातात घ्यायची. बशा रिकाम्या झाल्या की कोणीतरी म्हणतं, “खाल्लं, संपलं.” त्यानंतर त्या चुकीबद्दल कोणी अवाक्षर काढायचं नाही. खोदून विचारायचंही नाही. लष्करी कामात माणसं घाबरून चुका दडवतात, त्या दडवू नयेत म्हणून हे सुरू झालं म्हणे. कोणी संगणक उघडा टाकून जेवायला गेलेलं असतं, कोणी चिमटा पाडून चिपच्या चकतीला चरा पाडलेला असतो. केक मोजले तर स्वीडनमधल्या आमच्या गोथेनबर्गच्या परिसरात आमच्याइतकं पापी खातं सापडायचं नाही, आणि इतकं गुटगुटीतही.

व्हर्नर लिलियेग्रेन मात्र कधी केक आणत नसे. तो मापनाचा माणूस. दुसऱ्यांचे केक खायचा, साय नीट फेटली गेली नाही असं सांगायचा आणि बशी स्वतः धुऊन ठेवायचा. सोल्डरिंगवरचा टोरे त्याला तोंडावर म्हणायचा की तू खात्यावर कर्ज करून ठेवलं आहेस. आमच्याकडे साहेबालाही तूच म्हणतात, त्यामुळे टोमणे मारणं फार सोपं जातं. माफी मागणं तेवढं सोपं जात नाही.

आम्ही रडारसाठी गॅलियम नायट्राइडच्या चिप बनवतो. एका नखावर चार-पाच मावतील एवढ्या. पण जुन्या चिपच्या कितीतरी पट ताकद त्या तेवढ्याच जागेतून आकाशात फेकतात, म्हणून रडारला लांबचं दिसतं. फेकताना त्या तापतात. किती तापतात यावर त्या किती जगणार हे ठरतं, आणि ते सांगणं हे व्हर्नरचं काम. उष्णता दिसणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली तो चिप चालू करतो आणि आकडा वाचतो. अडचण एवढीच की चिपवर सोनं असतं, आणि सोनं लबाड. स्वतः पोळत असलं तरी सूक्ष्मदर्शकाला थंड असल्याचं दाखवतं. म्हणून आधी चिपला काळ्या रंगाचा पातळ थर द्यायचा आणि मग मोजायचं. रंगवलेली चिप मग विकता येत नाही. प्रत्येक खेपेतल्या काही चिप अशा कामी येतात.

वसंतातल्या खेपेला मात्र घाई होती. पूर्वेकडच्या एका देशात युद्ध चाललं होतं आणि तिथल्या सैन्याला रडार हवी होती, ती कालच. आमची प्रमुख उल्रिका व्हर्नरला म्हणाली की एकही चिप वाया घालवू नकोस. त्यानं रंग न लावताच मोजलं आणि सोन्याच्या लबाडीपोटी आकड्यात तो नेहमी मिळवतो ती भर मिळवली. ती भर त्याला तोंडपाठ होती. पण ती जुन्या चिपची होती. नव्या चिपवर सोन्याचा पट्टा रुंद केला होता, आणि ज्या बैठकीत तो रुंद करायचं ठरलं तिच्यात व्हर्नर स्वतः बसला होता.

हे त्याला ऑगस्टमधल्या एका बुधवारी कळलं. त्याच खेपेतली कोपरा उडालेली एक चिप टेबलावर पडली होती. दुसरं काही काम नव्हतं, म्हणून त्यानं ती रंगवली आणि मोजली. त्यानं लिहून दिलं होतं त्यापेक्षा चिप बत्तीस अंशांनी जास्त तापत होती. त्यानं रंग पुसला, पुन्हा लावला, पुन्हा मोजलं. बत्तीसच.

बत्तीस अंश म्हणजे काय हे त्याला कोणी सांगायला नको होतं. जी चिप सैनिकाची सगळी नोकरी पुरायला हवी, ती वर्षाच्या आतच म्हातारी होणार. आणि सगळ्या सारख्याच तापतात, म्हणजे पटापट एकामागून एक जाणार. बदली म्हणून पेटीत दिलेल्या चिपही त्याच खेपेतल्या. दोन रडार केव्हाच तिकडे पोचून चालू झाली होती. तिसरं सोमवारी ट्रकवर चढायचं होतं. सांगितलं तर ट्रक थांबणार, आणि तिकडच्यांना ताकद कमी करून चालवा असं कळवता येणार. न सांगितलं तर कोणाला काही कळणार नाही, निदान आकाश रिकामं दिसायला लागेपर्यंत.

गुरुवारी तो कोणाशी बोलला नाही. शुक्रवारी केक घेऊन आला. घरी केलेला, सफरचंदाचा, वर बदामाचे काप.

टोरे खुर्चीतून उठलाच. “थांबा रे. व्हर्नरच्या हातात केक आहे, आणि याचा वाढदिवस तर मार्चमध्ये असतो.”

सगळे हसले. व्हर्नरही हसला, आणि तिथेच घसरला. हसू ओसरायच्या आत त्यानं सांगून टाकलं की वसंतातल्या खेपेला त्यानं भरीचा जुना आकडा धरला आणि चिप थोड्या गरम निघाल्या. ‘थोड्या’ हा शब्द त्यानं घरून आणला नव्हता. तो तोंडात आपोआप आला, आणि आल्यावर बरा वाटला. टोरे म्हणाला की इतक्या वर्षांनी एक चूक, तीही गरम, आमच्या तर सगळ्या शिळ्या असतात. उल्रिकानं बशी पुढे केली. दोन घास खाऊन ती थांबली, व्हर्नरकडे पाहिलं, मग तिसरा घास घेतला. खाल्लं, संपलं, असं तीच म्हणाली.

घरी जाताना व्हर्नर ट्राममध्ये उभ्या उभ्या शीळ घालत होता, असं आमच्यातल्या एकीनं पाहिलं. शनिवारी बायको मायब्रिटबरोबर तो जंगलात पिवळी अळंबी वेचायला गेला. रात्री ती निवडताना तिनं विचारलं की केक आवडला का लोकांना. सगळा संपला म्हणाला. मग तोंड असं का, असं तिनं विचारलं. त्यानं अळंब्याची माती ब्रशनं झाडत सांगितलं की सगळं सांगून झालं आहे. ती म्हणाली, सांगून झालेल्या माणसाचं तोंड असं नसतं. पुढे तिनं काही विचारलं नाही. रविवारी त्यानं दिवसभर कुंपण रंगवलं, नको तिथेही.

सोमवारी तो ट्रकच्या आधी पोचला आणि उल्रिकाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

“चिप गरम निघाल्या, त्याबद्दल,” तो म्हणाला.

“ते खाऊन झालं, व्हर्नर.”

“मी कमी सांगितलं.”

उल्रिका टेबलावरची पेनं सरळ करत राहिली. “मला कळलं होतं,” ती म्हणाली. “दोन-चार अंशांसाठी तू केक भाजला नसतास. शुक्रवारची रजा टाकली असतीस.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारायचं नसतं ना.” तिनं आणखी एक पेन सरळ केलं. “सोयीचं होतं.”

व्हर्नरला वाटलं होतं की ती चिडेल, आणि मग आपल्याला शिव्या खाता येतील. ते मिळालं नाही. तिनंही त्याच केकचा घास घेतला होता. आता दोषाचे दोन वाटे झाले होते, आणि तरीही त्याच्या वाट्याचा कमी झाला नव्हता.

“बत्तीस,” तो म्हणाला.

तिनं पेनं सोडली. अंगणात ट्रक मागे घेत होते, त्याचा पीं पीं आवाज येत होता. तिनं खिडकी उघडली आणि गोदामातल्या माणसाला सांगितलं की काही चढवू नका, चढवलं असेल तर उतरवा. तो कारण विचारत होता. तिनं खिडकी लावून घेतली. मग ती म्हणाली की तिकडे फोन करायचा आहे, आकडे तू सांगायचे, आणि ‘थोडं’ म्हणायचं नाही.

फोन लागायला वेळ लागला. तिकडचा कर्नल मोडक्या इंग्रजीत पण नेमकं बोलणारा होता. उल्रिकानं आवाज मोठा ठेवला होता. व्हर्नरनं रंग, सोनं, भर, बत्तीस, सगळं ओळीनं सांगितलं. चूक माझी आहे असंही सांगितलं. त्या वाक्याशी कर्नलला काही देणंघेणं नव्हतं.

“ताकद कमी केली तर किती कमी दिसेल?” त्यानं विचारलं.

“सात-आठ किलोमीटर. कडेकडेनं.”

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज आला. मोठा कागद असावा.

“त्या कडेला यारोवेत्स आहे,” कर्नल म्हणाला. “गाव. शाळा चालू आहे तिथे. आणि ताकद कमी केली नाही तर?”

व्हर्नरनं उल्रिकाकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

“तर चिप जायला लागतील. हिवाळ्यात म्हणा, किंवा पुढच्या आठवड्यातही. दोन्ही रडारच्या बरोबरच. नक्की सांगायचं तर मला पुन्हा मोजावं लागेल.”

“किती दिवस?”

“दोन. नव्या चिप मिळायला मात्र नोव्हेंबर उजाडेल.”

व्हर्नर वाट पाहत राहिला, की आता तो ओरडेल, नाव विचारेल, वरिष्ठांकडे नेईन म्हणेल. पण कर्नल म्हणाला की आत्ता कळलं ते बरं झालं, आणि त्यानं आभार मानले. अगदी मनापासून, एखादा जवळचं दुकान दाखवल्याबद्दल मानतो तसे. ते ऐकून व्हर्नर खाली बसला.

फोन तिकडून कोणी ठेवला नाही. कर्नल आपल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला होता. दोघंतिघं एकदम बोलत होते, मग एक बाई. उल्रिकानं हात पुढे केला, पण व्हर्नरनं तिला फोन बंद करू दिला नाही. बोलण्यातला एकच शब्द त्याला कळत होता. तो पुन्हा पुन्हा येत होता, दर वेळी वेगळ्या आवाजात. यारोवेत्स.